धुक्याला कड येते, धबधबा पट्टीसारखा दिसतो: शुआन कागदावरच्या अडचणी आणि उपाय

चिनी ब्रशचित्रं शिकणाऱ्या बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते. बांबू जमतो, ऑर्किडची पानं जमतात, दगडही बरे येऊ लागतात. पण डोंगरातून धबधबा सोडायचा आणि त्याच्या पायाशी धुकं आणायचं म्हटलं की चित्र बिघडतं. पाणी कातरून चिकटवलेल्या पांढऱ्या पट्टीसारखं दिसतं, धुक्याभोवती रेघ उमटते, नाहीतर सगळाच भाग मळकट राखाडी होऊन बसतो. मग माणूस धबधब्यावरच काम करत राहतो, आणखी रेघा ओढतो, आणखी वॉश (पातळ शाईचे हात) देतो, आणि कागद हातातून जातो.

मी नेहमी एकच सांगते: पांढरं बिघडलं असेल तर पांढऱ्याला हात लावू नका. चूक बहुधा शेजारच्या दगडात असते किंवा कागदाच्या ओलीत. चिनी निसर्गचित्रात पाणी आणि धुकं दोन्ही म्हणजे न रंगवलेला कागद. त्याला पाणीपण येतं ते भोवतीच्या काळ्यामुळे, आणि मऊपणा येतो तो ओल किती वेळ धरली यामुळे. खालचे सगळे उपाय याच दोन गोष्टींभोवती फिरतात.

आधी कागद आणि शाई तपासा

कागदाच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाका. तो लगेच मुरून पसरला तर तुमच्याकडे कच्चा शुआन (चिनी ब्रशचित्रांचा कागद) आहे. थेंब वरच बसून राहिला तर सरस आणि तुरटी दिलेला पक्का शुआन. थोडा थांबून सावकाश मुरला तर अर्धपक्का. धुकं पसरवायची रीत या तिन्हींवर वेगवेगळी आहे, आणि व्हिडिओ बघून शिकताना बरीचशी फसगत इथेच होते, कारण समोरचा चित्रकार कुठल्या कागदावर काम करतोय हे बहुधा सांगितलेलं नसतं. पक्क्या कागदावर शाई वर तरंगते, तिला ओल्या ब्रशने ओढून विरवायला वेळ मिळतो. कच्च्यावर ती टेकताक्षणी आत जाते. या लेखात मी कच्चा आणि अर्धपक्का कागद धरून लिहिते आहे, कारण अडचणी तिथेच जास्त येतात. नवशिक्याने धुक्यासाठी अर्धपक्का घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

पाकिटावर 'राइस पेपर' छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. अस्सल शुआन आनहुई प्रांतातल्या जिंग काउंटीत होतो, चिंगथान नावाच्या झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांच्या लगद्यापासून. सालीचा वाटा जास्त असेल तर कागद चिवट होतो आणि एकावर एक वॉश सोसतो. पेंढा जास्त असेल तर तो मऊ असतो, पण तिसऱ्या-चौथ्या वॉशला त्याचे तंतू सुटायला लागतात. धुक्याला अनेक थर लागतात, म्हणून सालीचा कागद घ्या. पुण्यात चिंध्यांच्या लगद्याचा हातकागद सहज मिळतो आणि तो सुंदरही असतो, पण तो जाड असतो आणि ओल वेगळ्या गतीने पितो. त्यावर बसलेला हात शुआनवर पुन्हा बसवावा लागतो. रेघांचा सराव कुठल्याही कागदावर करा, धुक्याचा मात्र शुआनच्याच लहान तुकड्यांवर.

आता शाई. चिनी शाई म्हणजे सरसाने बांधलेली काजळी. आदल्या दिवशी उगाळलेली शाई उगाळायच्या दगडावर तशीच राहिली असेल आणि तीच पाणी घालून वापरली असेल, तर कड येणारच. रात्रभरात सरसाची पकड सुटते, काजळीचे कण एकत्र येऊन जाड होतात, आणि अशी शाई कागदावर पाणी एका बाजूला, कण दुसऱ्या बाजूला टाकते. चित्रकार ह्वांग बिनहोंग (1865–1955) ही शिळी शाई मुद्दाम वापरायचे. त्यांच्या डोंगरांचा खरबरीत, ठिपकेदार काळेपणा त्यातूनही येतो. पण ते डोंगरासाठी. धुक्यासाठी शाई ताजी हवी, सहाणेवर गंध उगाळतात तशी कमी पाण्यात, दाब न देता, गोल फिरवत उगाळलेली. बाटलीतली शाई चालते, पण ती थेट पाण्यात टाकू नका. बशीत आधी थोड्या पाण्यात कालवून एकजीव करा, मग पातळ करत जा.

हवेचाही विचार करा. विदर्भात किंवा पुण्यात एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली बसलात तर धुक्याचा वॉश विरवायला जो अवधी लागतो तो मिळतच नाही. पंखा बंद करा, सकाळी लवकर काम करा, कागदाखालचं फेल्ट किंवा लोकरीचं जुनं ब्लँकेट आधी किंचित दमट करून घ्या. कोकणात आणि मुंबईत जुलैत नेमकं उलटं होतं. कागदाने हवेतली ओल आधीच घेतलेली असते, त्यामुळे नेहमीच्या प्रमाणात पाणी घेतलं की शाई फुटते. तिथे ब्रश जास्त पिळून घ्या. पक्का कागद दमट कपाटात बरेच महिने राहिला तर त्यावरची तुरटी-सरसाची खळ जागोजागी उतरते, आणि वॉश दिल्यावर गडद बारीक ठिपके उठतात. हे ठिपके तुमच्या हाताचा दोष नाहीत. तो ताव रेघांच्या सरावाला ठेवा.

धुक्याला कड येते

सगळ्यात जास्त विचारली जाणारी अडचण हीच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कच्च्या शुआनवर ब्रश टेकला की पाणी पुढे धावतं, काजळीचे कण मागून येतात आणि तंतूंत अडकत जातात. पाणी जिथे थांबतं तिथे ओल्या-सुक्याची हद्द तयार होते. त्या हद्दीवरचं पाणी सगळ्यात आधी उडतं, ती तूट भरायला आतलं पाणी कडेकडे सरकतं आणि बारीक कण सोबत आणतं. वाळल्यावर तिथे रेघ दिसते. शिवाय एकदा वाळलेल्या शाईतला सरस तंतू बंद करून टाकतो, त्यामुळे वरून दिलेला दुसरा वॉश त्या रेघेवर येऊन अडतो आणि ती आणखी ठळक होते. म्हणजे कड उमटते ती ओल संपते तिथे. शाई तुम्ही कुठे थांबवलीत याला फारसं महत्त्व नसतं.

म्हणून उपाय असा: ओलीची हद्द शाईच्या हद्दीच्या बरीच पुढे न्या. जिथे धुकं हवं तो भाग मोठ्या, मऊ, शेळीच्या केसांच्या ब्रशने स्वच्छ पाण्याने ओला करा, आणि शाई जिथपर्यंत येणार आहे त्याच्या चार बोटं पलीकडे जा. ही पाण्याची हद्द कुठे संपवायची ते आधीच ठरवा. ती कागदाच्या काठाबाहेर जाऊ द्या, नाहीतर जिथे पुढे झाड किंवा गडद दगड येणार आहे त्याच्याखाली लपवा. उघड्या पांढऱ्यात ओल संपवावीच लागली तर शेवटचा भाग जवळजवळ कोरड्या ब्रशने तुटक तुटक ओला करा, सरळ रेषेत नाही.

मग थांबा. हे थांबणंच अवघड असतं. पाणी लावल्यावर कागद आधी चकाकतो. चकाकी असताना शाई टाकली तर ती वाट्टेल तिथे पळते आणि सगळी ओली जागा राखाडी होते. थोड्या वेळाने चकाकी जाते, पण पंजाची मागची बाजू टेकवली तर कागद गार लागतो. हीच वेळ. गारवा गेला म्हणजे कागद सुकला, आता ब्रशचा आकार जसाच्या तसा उमटेल. तिरप्या उजेडात, डोळे कागदाच्या पातळीला आणून बघितलं की चकाकी कधी जाते ते नीट कळतं. डोक्यावरच्या ट्यूबलाइटमध्ये कळत नाही.

या वेळेत दोन ब्रश हातात घ्या. एकात अगदी फिकी शाई, दुसऱ्यात फक्त पाणी, तोही फडक्याला टेकवून पिळलेला. शाईचा ब्रश डोंगराच्या बाजूने सुरू करा, आडवा धरून, खाली धुक्याकडे येताना दाब कमी करत उचला. लगेच पाण्याचा ब्रश त्या शेवटच्या भागावरून एकदा फिरवा. फक्त एकदा. परत जाऊन सारखं करायचा मोह टाळा, कारण दुसऱ्यांदा ब्रश फिरला की बसू लागलेले कण पुन्हा उठतात आणि मळकट दिसतात.

काय चुकलं ते डाग बघून ओळखता येतं. शाई सगळ्या ओल्या भागात पसरली असेल तर घाई झाली. ब्रशचा आकार तसाच राहिला असेल तर उशीर झाला. वॉशच्या मधोमध दातेरी कडेचा फिकट डाग उठला असेल तर ब्रशमध्ये कागदापेक्षा जास्त पाणी होतं, त्याने आधीची शाई बाजूला ढकलली. हा तिसरा प्रकार पाण्याच्या दुसऱ्या ब्रशमुळेच बहुधा होतो, म्हणून तो पिळायला विसरू नका.

एका वॉशमध्ये धुकं होत नाही. पहिला वॉश वाळल्यावर जेमतेम दिसला पाहिजे. पूर्ण वाळू द्या, सगळा भाग पुन्हा ओला करा, दुसरा द्या, आणि प्रत्येक वेळी शाई जरा वेगळ्या ठिकाणी थांबवा, म्हणजे थरांच्या कडा एकावर एक येत नाहीत. अर्धवट ओल्यावर थर देणं सगळ्यात वाईट. तिथे ओल एकसारखी नसते आणि जितक्या ओलीच्या पातळ्या तितक्या कडा.

कड आलीच तर? कागद ओला असेपर्यंत पिळलेल्या ब्रशने ती बाहेरच्या बाजूला ओढून विरवता येते. कच्च्या शुआनवर वाळलेली कड पुसता येत नाही, घासू तर अजिबात नका. पण ताव उलटा करून मागून पूर्ण भाग ओला करावा आणि मागूनच अगदी फिका वॉश द्यावा, म्हणजे पुढची रेघ बरीच मवाळ होते. तरीही दिसत राहिली तर तिला काम द्या: लांबच्या डोंगराची धार, झाडांचे शेंडे, किंवा ढगाची रेघ. रेघेने ढग काढायची जुनी परंपरा आहेच, आणि विसाव्या शतकात लू यानशाओ (1909–1993) यांनी रेघेचे ढग आणि वाहतं पाणी इतकं खेळवलं की त्यांची चित्रं या एका गोष्टीसाठी बघावीत. मात्र एकाच चित्रात खाली वॉशचं धुकं आणि मध्येच एक एकटी ढगाची रेघ असं करू नका. रेघ घेतली तर ती दोन-तीन ठिकाणी पुन्हा आली पाहिजे.

ओल अगदी नीट साधली तरी धुकं दिसत नाही, असंही होतं. कारण दगडावरचे फटकारे धुक्याच्या तोंडाशी एकदम तुटलेले असतात. वॉश ही वरची साय. धुकं खरं तर कोरड्या फटकाऱ्यांपासून सुरू होतं. डोंगर खाली येताना फटकारे फिके, कोरडे आणि विरळ होत गेले पाहिजेत, इतके की शेवटचे दोन-तीन कागदाला जेमतेम घासून गेलेले असतील. डोंगराचा माथा गडद, पाय पुसट. चित्रकार गुओ शी यांनी अकराव्या शतकातच सांगून ठेवलंय की डोंगर सगळाच्या सगळा दाखवला तर तो उंच वाटत नाही, धुक्याने त्याची कंबर झाकली की उंच होतो. तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात त्यांचं 1072 मधलं 'वसंताची चाहूल' आहे. त्यात फिक्या शाईचे थर एकात एक विरत गेलेले दिसतात, आणि दगड कुठे संपला नि धुकं कुठे सुरू झालं ते बोटाने दाखवता येत नाही. चित्रकार मी योउरेन यांनी हेच आडव्या ओल्या ठिपक्यांनी केलं: माथ्यावर दाट, खाली येताना विरळ, मग नुसता कागद किंवा रेशीम. फटकारे कमी करत नेणं जमत नसेल तर ठिपक्यांनी सराव करा, तो सोपा पडतो.

धबधबा पट्टीसारखा दिसतो

तैपेईतच फान क्वान यांचं 'डोंगर-ओढ्यांतले प्रवासी' आहे, दोन मीटरांहून थोडं उंच. उजवीकडच्या काळ्या घळीतून धाग्याइतका बारीक धबधबा पडतो. ते रेशीम हजारेक वर्षं जुनं, आता तपकिरी झालेलं. म्हणजे तिथे पांढरं असं काही उरलेलंच नाही, तरी पाणी लखलखतं. ते भोवतालच्या घळीच्या काळेपणामुळे. तुमचा धबधबा मेलेला वाटत असेल तर आधी त्याच्या दोन्ही बाजू पुरेशा गडद आहेत का ते बघा, विशेषतः वर, जिथून पाणी सुटतं.

पट्टी दिसण्याची दुसरी कारणं कडेत असतात. दोन्ही काठ समांतर आणि सारखेच धारदार असतील तर मेंदू त्याला पट्टीच समजतो. पाण्याचा काठ रेघेने कधी काढू नका. दगड काढा, दगडाचे कोपरे पाण्यात कमी-जास्त घुसू द्या, काठ आपोआप होतो. एक-दोन गडद दगड प्रवाहाच्या मधेच ठेवा, म्हणजे पाणी फुटून पुन्हा एकत्र येईल. आणि पाणी सलग वरपासून खालपर्यंत दाखवू नका. ते एखाद्या सुळक्यामागे जाऊ द्या, खाली वेगळ्याच जागी बाहेर येऊ द्या. पाण्याचा मार्ग मधे मधे झाकला की ते लांबून आल्यासारखं वाटतं, हेही गुओ शी यांचंच सांगणं.

वरची कड कणखर, खालची हरवलेली: हा फरक नसेल तर पाणी पडत नाही, नुसतं टांगलेलं राहतं. वर ओठावर, म्हणजे पाणी जिथून सुटतं त्या कड्याच्या काठावर, सगळ्यात काळी, कोरडी शाई वापरा. खाली उतरताना काठचे दगड फिके करत न्या, आणि पायाशी एकही रेघ नको. तिथे धुक्याची वर सांगितलेली रीत वापरा. मग धुक्याच्या खाली थोडी जागा सोडून ओल्या दगडांचे गडद माथे काढा. वरचा काळा ओठ आणि खालचे काळे माथे यांच्यामधलं जे न रंगवलेलं आहे, तेच पाणी कोसळताना दिसतं.

सह्याद्रीतल्या फोटोंवरून चित्र काढणाऱ्यांना एक वेगळीच अडचण येते. बेसॉल्टचे आडवे थर, पायऱ्या, त्यावरून टप्प्याटप्प्याने उतरणारं पाणी, आणि त्यावर पुस्तकातले लांब, तागाच्या धाग्यांसारखे उभे फटकारे. ते फटकारे दक्षिण चीनमधल्या मातीच्या, गोलाईच्या डोंगरांचे आहेत. आपल्या कड्याला ते लावले की कडा वाळूचा ढिगारा वाटतो. इथे आडव्या ब्रशचे कुऱ्हाडीच्या घावासारखे फटकारे घ्या, नाहीतर नी झान (1301–1374) यांच्या चित्रांतले आडवे जाऊन एकदम खाली मुडपणारे. पाणी प्रत्येक पायरीच्या काठावर थोडं तुटलं पाहिजे. बाकी माळशेज किंवा ताम्हिणीला जुलैत उभं राहणं हा उत्तम अभ्यास आहे: मधला भाग धुक्यात जातो, वरचा काळा ओठ आणि खालचे ओले दगड तेवढे उरतात. कॅमेरा मधलं सगळं ओढून दाखवतो, म्हणून डोळ्यांनीच बघा.

पाण्याच्या रेघा विंचरलेल्या केसांसारख्या येतात

रेघा कमी करा. रुंदीचा दोन-तृतीयांश भाग तरी मोकळा राहू द्या. वीझलच्या (मुंगसासारख्या लहान प्राण्याच्या) केसांचा ताठ ब्रश, फिकी शाई, ब्रश जवळजवळ कोरडा. ओठावरून थोडं वळून निघालेली रेघ एका दमात खाली, मनगट न वळवता खांद्यापासून, आणि मधेच उचलून सोडलेली. सगळ्या रेघा एकाच उंचीवर सुरू किंवा बंद होत असतील तर केस दिसणारच. दगडाजवळ दोन-तीन एकत्र, मध्ये काहीच नाही, असं गट करून काढा. बेसिनच्या नळाखाली हात धरून सराव होत नाही, पण चित्रकार मा युआन यांची पाण्याच्या चित्रांची बारा पानं (बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहेत) बघून होतो. त्यांत जवळजवळ नुसतं पाणीच आहे, आणि प्रत्येक पानात रेघेचा स्वभाव निराळा.

ओलं असताना सुंदर, वाळल्यावर फिकं आणि सपाट

शुआनवर शाई वाळताना बरीच उतरते. ओल्या चित्राला भुलून थांबू नका, आणि ओल्यातच गडद करायला जाऊ नका. ज्या शाईने काम करताय तिच्या पाच-सहा छटा त्याच कागदाच्या तुकड्यावर काढून, वाळवून, शेजारी ठेवा. कामभर त्या तुकड्याकडे बघत रंग मिसळा. राखाडी चिखल होण्यामागेही हेच असतं: गडद जागा पुरेशा गडद नसतात आणि धुक्यात मात्र शाई जास्त गेलेली असते, म्हणून दोन्ही मध्यावर येऊन बसतात. त्यावर धुकं उजळायचा प्रयत्न व्यर्थ. ओठावरचे आणि पायाशी असलेले दगड चांगले काळे करा, धुकं आपोआप मागे सरकेल.

काही जण इथे पांढरा पोस्टर कलर काढतात. शुआनच्या पांढऱ्यापुढे तो खडूसारखा निर्जीव दिसतो, आणि कागद जुना होऊन पिवळसर झाला की ठिगळ उघडं पडतं. पावसाच्या धारांसाठी फू बाओशी (1904–1965) तुरटीचं पाणी शिंपडून मग वॉश देत. जिथे तुरटी पडली तिथे शाई कमी बसते आणि धार उजळ राहते. तुषारांसाठी ही युक्ती वापरून बघा, पण तुरटी आम्लधर्मी असते, जास्त झाली तर कागद काही वर्षांत ठिसूळ होतो. थोडी, आणि एखाद्या कोपऱ्यातच.

माउंट करताना शाई सुटते

चित्र पुरं झालं तरी कागद सुरकुतलेला असतो, ते साहजिक आहे. मागून गव्हाच्या सत्त्वाच्या पातळ खळीने दुसरा शुआन चिकटवला आणि पाटावर ताणून वाळवला की तो सपाट होतो, आणि उतरलेल्या छटाही बऱ्याच परत येतात. पण बाटलीतल्या काही स्वस्त शाया खळीच्या ओलीने पुन्हा विरघळतात, आणि नेमकी काळ्या ओठावरची शाई पांढऱ्या पाण्यात उतरते. म्हणून छटांचा तो तुकडा फेकू नका. चित्र पूर्ण वाळून काही दिवस गेल्यावर आधी त्या तुकड्यावर मागून पाणी लावा आणि सगळ्यात गडद पट्टीवर पांढरा टिपकागद दाबा. टिपकागद स्वच्छ निघाला तर खुशाल माउंट करा. काळा डाग आला तर ते चित्र ओल्या खळीला देऊ नका. फ्रेमवाल्याकडून उष्णतेने चिकटणाऱ्या फिल्मवर कोरडं माउंट करून घ्या, आणि पुढच्या तावासाठी शाई बदला.